पाइपाच्या मापाचे व्हॉल्व्ह: एका दुरुस्तीच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

काम हातात आलं. पाच मजली ऑफिस इमारत. हवा गार करून खोल्यांत ढकलणारे सहा एअर हँडलर, तेच काम खोलीपुरतं करणाऱ्या अठ्ठेचाळीस छोट्या फॅन कॉइल, पाणी गार करणारे दोन चिलर, एक बॉयलर. मूळ आखणीत गार पाणी ७ अंशांना निघून १३ अंशांना परत यायला हवं. परत येतं साडेनऊ अंशांना. तक्रार मात्र पाण्याबद्दल कुणाचीच नाही. तिसऱ्या मजल्यावर कधी गारठा, कधी घाम, एवढंच सगळे सांगतात. आजवर तिथला थर्मोस्टॅट दोनदा बदलून झाला, कंट्रोलर एकदा.

तिसऱ्या एअर हँडलरपाशी अर्धा तास नुसता उभा राहिलो. पाण्याच्या व्हॉल्व्हचा ॲक्च्युएटर (त्याला हलवणारी मोटार) घुर्र करून जरासा उघडतो, थांबतो, पुन्हा घुर्र करून मिटतो. पट्टीवरचा काटा शून्य ते पंधरा टक्के, त्यापुढे जातच नाही. घड्याळ लावलं: एक फेरी साधारण सहा मिनिटांची. तेवढ्यात पुरवठ्याची हवा ११ अंशांवरून १८ वर आणि परत. टॉर्च मारून स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, पाहिला. पूर्ण चाल तीस मिलिमीटरची, पण घासून चकाकणारा पट्टा जेमतेम साडेचार मिलिमीटरचा. बाकी सगळा मळकट. इतक्या वर्षांत हा व्हॉल्व्ह एवढाच हलला आहे.

पाइप ६५ मिलिमीटरचा, व्हॉल्व्हही ६५ चाच. संशय इथेच आला.

६ जानेवारी

जुनं व्हॉल्व्ह शेड्यूल सापडलं. माप, फ्लँज, प्रेशर रेटिंग, ॲक्च्युएटरचा सिग्नल, सगळे रकाने नीट भरलेले. केव्हीएसचा (पूर्ण उघडा व्हॉल्व्ह किती पाणी सोडतो त्या आकड्याचा) रकानाही आहे, पण त्यात वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा. ज्या एका आकड्यावरून व्हॉल्व्ह निवडायचा, तोच कुणी काढला नाही.

८ जानेवारी

दिवसभर कागदावर. तिसऱ्या एअर हँडलरचा हिशेब सविस्तर लिहून ठेवतो, बाकीचे याच वाटेने जातील.

कॉइल म्हणजे गार पाण्याच्या नळ्यांचं वेटोळं, हवा त्यावरून जाते. तिची क्षमता ८४ किलोवॅट. पाण्यातला फरक ६ अंश. म्हणजे ८४ भागिले (४.१९ गुणिले ६), सेकंदाला ३.३४ लिटर, ताशी १२ घनमीटर. ६५ च्या पाइपात हा प्रवाह सेकंदाला सुमारे ०.९ मीटरने जातो. पाइपाची निवड अगदी योग्य आहे.

आता व्हॉल्व्ह. एक बार दाब खर्ची पडताना ताशी जितके घनमीटर पाणी जातं तो केव्ही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाचा केव्ही म्हणजे केव्हीएस. बसवलेल्या व्हॉल्व्हच्या अंगावर कोरलेला आकडा ६३. बारा भागिले त्रेसष्ट, त्याचा वर्ग: ०.०३६ बार, म्हणजे ३.६ किलोपास्कल. या शाखेच्या दोन टोकांत दाबाचा फरक आहे ६० किलोपास्कल. त्यातले साठातले साडेतीन व्हॉल्व्हच्या वाट्याला, बाकीचे कॉइल, गाळणी आणि पाणी शाखाशाखांत नीट वाटण्यासाठी करकचून आवळलेल्या बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या वाट्याला.

पुस्तकात याला ऑथॉरिटी म्हणतात, मी पकड म्हणतो. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर पडणारा दाब भागिले तोच व्हॉल्व्ह मिटल्यावर त्याच्यावर येणारा दाब. ०.५ असेल तर उत्तम, ०.२५ च्या खाली जाऊ नये असा सर्वसाधारण दंडक. आपली आली ०.०६.

नव्याने रुजू झालेली इंजिनिअर शेजारी बसून आकडे तपासत होती. तिने विचारलं, "सर, पण व्हॉल्व्ह इक्वल पर्सेंटेज आहे ना? निम्मा उघडला तर चौदा टक्केच पाणी जायला पाहिजे."

इक्वल पर्सेंटेज म्हणजे प्रत्येक समान उघडीला प्रवाह आधीच्या तितक्याच टक्क्यांनी वाढवणारा. कॅटलॉगात जातं चौदाच टक्के, कारण तिथे व्हॉल्व्हवरचा दाब कायम धरलेला असतो. पाइपात बसल्यावर तसं राहत नाही. व्हॉल्व्ह थोडा मिटला की प्रवाह घटतो, कॉइलवरचा दाब उतरतो आणि तो सगळा व्हॉल्व्हवर येऊन आदळतो. दाब वाढला की बारीक फटीतूनही पाणी जोरात जातं. तिला घरच्या नळाचं सांगितलं: टाकी उंच असली की तोटी निम्मी फिरवली तरी बादली जवळपास तेवढ्याच वेळात भरते, धार कमी व्हायला लागते ती शेवटच्या पाव फेऱ्यात.

मग तिनेच सूत्रात आकडे घालून पाहिले. पकड ०.०६ असताना निम्म्या उघडीला ५० टक्के प्रवाह. दहा टक्के उघडीला १२ टक्के. आणि हे निव्वळ पाण्याचं. कॉइलचा स्वभाव आणखी उतावळा: निम्म्या पाण्यात ती सुमारे तीन चतुर्थांश गारवा देऊन मोकळी होते, आणि अगदी कमी प्रवाहाला तर थेंबाथेंबाचा फरक पडतो. म्हणजे व्हॉल्व्ह जेमतेम एक दशांश उघडतो न उघडतो तोच कॉइलचं एक तृतीयांशाच्या वर काम झालेलं असतं. उरलेल्या नऊ दशांश चालीत करायला फारसं काही उरत नाही. कंट्रोलर बिचारा तीन मिलिमीटरमध्ये अख्खा संसार सांभाळतो आहे.

थर्मोस्टॅट दोनदा का बदलला, ते आता कळलं.

९ जानेवारी

केव्हीएसचे आकडे ठरावीक पायऱ्यांनी येतात: १०, १६, २५, ४०, ६३. प्रत्येक पायरी सुमारे १.६ पटीची, त्यामुळे एक पायरी खाली उतरलं की दाब अडीच पट होतो. मधलं काही मिळत नाही. बारा घनमीटरला:

४० घेतला तर ९ किलोपास्कल. २५ घेतला तर २३. १६ घेतला तर ५६.

साठात ९ म्हणजे पकड ०.१५, नको. ५६ तर पकड झकास, पण कॉइलला २५ लागतात आणि गाळणी-पाइपांना ६. बेरीज ८७. शाखेत साठच आहेत. व्हॉल्व्ह तब्येतीत राहील, कॉइल उपाशी. उरला २५: २३ अधिक २५ अधिक ६, चोपन्न. सहा किलोपास्कल बॅलन्सिंगला राहतात. पकड ०.३८. आखीव नाही, पण चालण्याजोगी. निम्म्या उघडीला २३ टक्के पाणी, आणि तेवढ्या पाण्यात कॉइल सुमारे निम्मं काम करते. हवं होतं ते हेच.

२५ चा व्हॉल्व्ह येतो ४० च्या अंगाचा. ६५ च्या पाइपात ४० चा व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंना पाइप निमुळता करणारे रेड्यूसर. साइटवर हे पाहून कुणीतरी नाक मुरडणारच.

११ जानेवारी

मुरडलं. पाइपिंगच्या कंत्राटदाराचं म्हणणं, "साहेब, गळा आवळल्यासारखं दिसतंय." पाणी अडवायलाच हा व्हॉल्व्ह बसवतात, असं सांगून पाहिलं. पटलं नाही. आकडे दाखवले, मग सही केली.

१४ जानेवारी

आज माझा हिशेब मलाच खोटा ठरला.

बाकीचे एअर हँडलर बंद असताना तिसऱ्याच्या शाखेवर मीटर लावला. साठ नाही, ११२ किलोपास्कल. कारण पंपरूममध्ये सापडलं: दाबाचा सेन्सर पंपाच्या तोंडाशी, हेडरवर (मुख्य पाइपावर) बसवलेला, आणि पंपाचा वेग बदलणारी ड्राइव्ह तिथे १२० धरून ठेवते. सगळे व्हॉल्व्ह उघडे असताना मधल्या पाइपांत साठ खर्ची पडतात, शाखेला साठ मिळतात. बाकीचे मिटले की पाइपांत वाहायला पाणीच नाही, खर्च नाही, सगळा दाब उरलेल्या एकाच्या माथी. पकड मोजायची ती मिटलेल्या व्हॉल्व्हवरच्या जास्तीत जास्त दाबाने. २३ भागिले ११२: ०.२१. जुन्या व्हॉल्व्हची तर ०.०३.

म्हणजे नुसते व्हॉल्व्ह बदलून भागणार नाही. सेन्सर टोकाला, सगळ्यांत लांबच्या पाचव्या एअर हँडलरच्या शाखेवर न्यायचा आणि तिथे ४५ किलोपास्कल धरायचे. तिथल्या कॉइल-व्हॉल्व्हला तेवढे पुरतात. मग भर कामात तिसऱ्याला साठच मिळतील, आणि बाकीचे मिटले तर वाढण्याऐवजी उतरून पन्नासच्या आसपास येतील. पकड ०.३८ वर टिकते.

व्हॉल्व्हची निवड पंपरूमपासून सुरू होते हे मला माहीत नव्हतं असं नाही. विसरलो होतो, आणि तेही शेड्यूलच्या रिकाम्या रकान्यावरून दुसऱ्याला नावं ठेवल्यानंतर आठच दिवसांनी.

१६ जानेवारी

प्लँटच्या ऑपरेटरांशी बोलणं. त्यांची भीती रास्त आहे: "सेन्सर लांब नेला आणि वायर तुटली तर पंप काय करेल?" ठरलं असं की सिग्नल गेला तर ड्राइव्ह ठरावीक वेगावर थांबेल, पूर्ण वेगावर पळणार नाही. जुना सेन्सर काढायचा नाही, अलार्मसाठी राहू द्यायचा.

२० जानेवारी

फॅन कॉइलचं ठरवलं. अठ्ठेचाळीस नग, प्रत्येकी सुमारे २.१ किलोवॅट, ५ अंशांच्या फरकाने ताशी ३६० लिटर. सध्या उघड-बंद चालणारे साधे व्हॉल्व्ह आहेत आणि बॅलन्सिंग कधी झालंच नाही. जवळच्या कॉइलमधून दुप्पट पाणी, लांबच्यांना टिपूस.

उघड-बंद व्हॉल्व्हला पकडीची फिकीर नसते. तो एक तर उघडा असतो नाही तर मिटलेला, मधल्या वक्राशी त्याला काय देणंघेणं. तिथे खरी गरज असते ती उघडल्यावर ठरल्यापेक्षा जास्त पाणी न जाण्याची. म्हणून इथे दाबनिरपेक्ष व्हॉल्व्ह घ्यायचे. त्यांच्या पोटात एक छोटा दाब-नियंत्रक असतो; बाहेर दाब कितीही वरखाली झाला तरी तो आतल्या फटीवरचा दाब कायम ठेवतो. डायल फिरवून ३६० लावायचं, काम झालं. अठ्ठेचाळीस ठिकाणी मीटर घेऊन छताच्या पोकळीत चढायचं वाचलं.

मग एअर हँडलरनाही तेच का नकोत, असा प्रश्न आजच्या बैठकीत आला. बसवायला हरकत काहीच नाही, निवडही सोपी होते: नुसता प्रवाह पाहायचा, पकड आपोआप एकच्या जवळ. पण त्या नियंत्रकाला काम करायला किमान दाब लागतो, मॉडेलप्रमाणे पंधरा ते तीस किलोपास्कल, आणि आतल्या वाटा बारीक असल्याने पाणी स्वच्छ लागतं. या इमारतीतलं पाणी मी बादलीत पाहिलं आहे. सहा मोठ्या कॉइलसाठी साधे ग्लोब व्हॉल्व्ह नीट हिशेबाने बसवले तर त्यांची निगा इथल्याच फिटरला करता येईल. दाबनिरपेक्ष व्हॉल्व्ह हल्ली बरेच जण हिशेब टाळायला घेतात. तो सोपा रस्ता या वेळी नको म्हटलं.

२३ जानेवारी

पहिल्या आणि दुसऱ्या एअर हँडलरवर तीन तोंडी व्हॉल्व्ह आहेत. कॉइलला नको असलेलं पाणी ते बायपासने तसंच परतीच्या पाइपात सोडतात. सात अंशांचं पाणी काही न करता घरी परत. साडेनऊचं कोडं बऱ्याच अंशी इथे सुटतं. परतीचं पाणी गार आलं की चिलरला काम कमी, पण प्रवाह पूर्ण. प्रवाह भागवायला दुसरा चिलर सुरू करावा लागतो आणि दोघेही अर्धपोटी चालतात.

दोन्ही काढून दोन तोंडी बसवायचे. पण मग सगळेच व्हॉल्व्ह मिटू शकतात, आणि चिलरमधून पाणी फार कमी झालं तर बाष्पीभवकात गोठण्याची भीती. या चिलरला किमान ताशी ३५ घनमीटर लागतात. म्हणून हेडरवर एक बायपास व्हॉल्व्ह, फ्लो मीटरच्या सांगण्यावरून उघडणारा. सेन्सर टोकाला गेल्यावर कमी भाराच्या वेळी हेडरवर साधारण ५० किलोपास्कल असतील. ३५ भागिले ०.७०७, केव्ही ४९.५. वरची पायरी ६३. ऑर्डरच्या यादीत टाकला.

२७ जानेवारी

गरम पाण्याची बाजू. ताज्या हवेच्या युनिटची प्रीहीट कॉइल (बाहेरची हवा आत घेताना आधी तापवणारी), ३५ किलोवॅट, पाणी ६० ला जाऊन ४५ ला येतं. ताशी २ घनमीटर. केव्हीएस ४, दाब २५ किलोपास्कल. जुना होता १६ चा!

दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. ॲक्च्युएटर स्प्रिंगचा, वीज गेली की व्हॉल्व्ह उघडणारा. बाहेरची हवा गोठणबिंदूखाली गेली तर कॉइल फुटू नये म्हणून. गार पाण्याच्या व्हॉल्व्हचं उलट, तो मिटला तरी बिघडत नाही. आणि व्हॉल्व्ह परतीच्या पाइपावर. हे युनिट गच्चीवर आहे, तिथे पाण्याचा स्थिर दाब कमी. ६० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे २० किलोपास्कल, गार पाण्याचा जेमतेम दीड. फटीतून वेगाने जाताना दाब त्याखाली उतरला तर बुडबुडे होतात आणि फुटताना सीट, म्हणजे व्हॉल्व्हचा प्लग जिथे टेकतो ती कड, कुरतडतात. परतीचं पाणी थोडं थंड, तेवढाच दिलासा.

फॅन कॉइलच्या गरम बाजूला ताशी १३० लिटरच लागतात. इतक्या बारीक छिद्राचे व्हॉल्व्ह तुंबणार, हे आत्ताच लिहून ठेवतो.

३ फेब्रुवारी

पुरवठादाराचं सबमिटल, म्हणजे मंजुरीसाठीची मालाची यादी, आलं. तिसऱ्या एअर हँडलरसमोर २५ लिहिलेलं. परत पाठवणारच नव्हतो, पण खालच्या टिपेत बारीक अक्षरांत सीव्ही. सीव्ही म्हणजे एक पीएसआय दाबाला मिनिटाला जाणारे अमेरिकन गॅलन. २५ सीव्ही भागिले १.१५६, केव्ही २१.६. दाब २३ ऐवजी ३१ पडेल, आणि आपल्याकडे बॅलन्सिंग सताड उघडूनही २९ च आहेत. फरक छोटा दिसतो, पण भर उन्हाळ्यात पाणी नेमकं तेवढंच कमी पडलं असतं, आणि मग पुन्हा थर्मोस्टॅट बदलला गेला असता. परत पाठवलं.

त्याच सबमिटलमध्ये ॲक्च्युएटर ३०० न्यूटनचा. चाळीसच्या सीटचं क्षेत्रफळ ०.००१२६ चौरस मीटर. पंप पूर्ण वेगाने आणि सगळं मिटलेलं, असा सर्वांत वाईट प्रसंग धरला तर २६० किलोपास्कल. गुणाकार ३२७ न्यूटन, वर ग्लँडचं, म्हणजे दांड्याभोवतीच्या पॅकिंगचं, घर्षण. व्हॉल्व्ह मिटायचा प्रयत्न करेल आणि पाणी त्याला वर ढकलेल. नेहमीचा दाब धरून ॲक्च्युएटर निवडलेला दिसतो. ५०० चे मागितले.

१८ फेब्रुवारी

माल आला. मोजला, ठेवला.

२४ फेब्रुवारी

पाइप धुणं सुरू. दाबनिरपेक्ष व्हॉल्व्हच्या जागी तात्पुरते पाइपाचे तुकडे, म्हणजे घाण त्यांच्या पोटात जाणार नाही. पहिल्या दिवशीचं पाणी कोऱ्या चहासारखं.

२ मार्च

तिसरा एअर हँडलर बदलला. दुपारी सुरू केला आणि मिटत आल्यावर व्हॉल्व्ह ठक-ठक-ठक. पाइप थरथरतोय, लटकवलेला साखळदंड हलतोय. फिटर काकांनी हात लावून पाहिला आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं.

"काका, बाण बघितला होता ना?"

"बाण होता. पण परतीचा पाइप कुठला ते इन्सुलेशनवरच्या रंगावरून धरलं."

दोन्ही पाइपांना एकच रंग मारलेला होता. व्हॉल्व्हच्या अंगावरची धूळ फडक्याने पुसली: बाण वरच्या दिशेने, पाणी येतंय वरून. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये पाणी प्लगच्या खालून यायला हवं. वरून आलं की प्लग सीटजवळ जाताच प्रवाह त्याला खाली खेचतो, आदळतो. ॲक्च्युएटर वर उचलतो, पुन्हा आदळतो. पंप बंद, पाणी काढलं, व्हॉल्व्ह फिरवला. तीन तास. ॲक्च्युएटर पाइपाच्या खाली येत होता, तोही आडवा करून घेतला, नाही तर ग्लँडमधून ठिबकलेला प्रत्येक थेंब मोटारीत.

काकांनी उरलेल्या पाइपांवर आजच खडूने बाण काढले.

५ मार्च

काढलेल्या जुन्या व्हॉल्व्हची सीट पाहिली. कडेला एकाच जागी बारीक चर पडले आहेत, नखाला लागतात. वर्षानुवर्षं किंचित उघडून पाण्याची धार तिथूनच. हा पूर्ण मिटला तरी गळतच असणार. चौथ्या एअर हँडलरचा जुळा व्हॉल्व्हही काढला. तो युनिट फारसा चालवतच नव्हते, त्यामुळे सीट आरशासारखी.

९ मार्च

सेन्सर टोकाला गेला. ४५ लावले. पंप ४७ हर्ट्झवरून ३६ वर आला. वेग एवढा उतरला तर घनाच्या नियमाने वीज निम्म्याहून खाली यावी, असं कुणीतरी लगेच म्हणालंच. तेवढी येणार नाही. टोकाला ठरावीक दाब धरून ठेवायचा असतो, त्यामुळे तो नियम इथे जसाच्या तसा लागत नाही. मीटर लावला आहे, महिन्याने बघू.

११ मार्च

चौथ्या मजल्यावरच्या दोन फॅन कॉइलना ३६० लिटर मिळत नाहीत. डायल बरोबर. टेस्ट पॉइंटला मीटर लावला: व्हॉल्व्हवर ९ किलोपास्कल, किमान २० हवेत. नियंत्रक जागाच झालेला नाही. गाळणी उघडली तर जाळीवर काळा, बोटाला ग्रीससारखा लागणारा गाळ, त्यात धाग्यांचे चार तुकडे. चुंबक जवळ नेला, गाळ उभा राहिला. लोखंडाच्या गंजाचा मॅग्नेटाइट. धुऊन लावली, दाब ३१. बाकीच्या गाळण्याही उघडाव्या लागणार, आणि परतीच्या मुख्य पाइपावर चुंबकी गाळणी सुचवली आहे.

१३ मार्च

कंट्रोलर. जुन्या माणसांनी डोलणं थांबवायला गेन, म्हणजे चुकीला प्रतिसाद देण्याचा जोर, इतका उतरवून ठेवला होता की सकाळी हॉल गार व्हायला दोन तास लागत. नवीन व्हॉल्व्हला त्याची गरज नाही. गेन तिप्पट केला, इंटिग्रल वेळ (उरलेली चूक भरून काढायला घ्यायचा वेळ) ॲक्च्युएटरच्या १२० सेकंदांच्या चालीशी जुळवून घेतली. सेटपॉइंट दोन अंशांनी हलवून पाहिला: एकदा जरासा पुढे गेला, परत आला, थांबला.

१७ मार्च

चार दिवसांचा ट्रेंड. तिसऱ्या एअर हँडलरची हवा सेटपॉइंटच्या अर्ध्या अंशाच्या आत. दुपारी तीनला व्हॉल्व्ह ४६ टक्के. सकाळी २२, संध्याकाळी ३५. स्पिंडलवरचा चकाकता पट्टा आता बोटाच्या रुंदीएवढा. परतीचं पाणी १२.१ अंश. दुसरा चिलर परवापासून सुरूच करावा लागला नाही.

ऑपरेटरांनी विचारलं, आवाज का येत नाही, बंद पडलाय का.

१९ मार्च

बायपासच्या व्हॉल्व्हची डिलिव्हरी आणखी सहा आठवड्यांनी, असं पत्र आलं. तोवर पहिल्या एअर हँडलरचा तीन तोंडी व्हॉल्व्ह काढता येणार नाही, नाही तर रात्री पाणी कमी पडून चिलर फ्लो स्विचवर ट्रिप होणार. वैतागलो होतो. तेवढ्यात नव्या इंजिनिअरने शेड्यूल समोर धरलं. "सर, ६३ आपल्याकडे पडलेत की. दोन."

आहेत खरे. तिसऱ्याचा नाही चालणार, चर पडलेत. चौथ्याचा चालेल. बायपासच्या वाटेत दुसरं काहीच नाही, सगळा दाब व्हॉल्व्हवरच, म्हणजे पकड जवळपास एक. तिथे लिनियर (उघडीच्या प्रमाणात पाणी सोडणारा) बरा असतो आणि हा इक्वल पर्सेंटेज आहे. सुरुवातीची चाल आळशी राहील. फ्लो मीटरचं लूप मुळात सावकाश चालवायचं असल्याने सांभाळून घेता येईल. पन्नास किलोपास्कलला पूर्ण उघडा ताशी ४४ घनमीटर देतो, हवेत ३५. ॲक्च्युएटर मात्र जुना नाही चालणार: पासष्टच्या सीटवर २६० किलोपास्कल म्हणजे ८६० न्यूटनच्या वर. हजारचा एक स्टॉकमध्ये आहे.

२३ मार्च

चौथ्याचा जुना व्हॉल्व्ह हेडरवर बसला. बाण काकांनी स्वतः दोनदा पाहिला, मग मला बोलावून दाखवला. रात्री अकराला सगळे व्हॉल्व्ह मिटवून चाचणी: बायपास ९४ टक्के उघडला, फ्लो ३५ वर येऊन थांबला, चिलर चालू राहिला.

तिसऱ्याचा स्टोअरमध्ये ठेवला आहे. गळ्यात तारेने पत्रा अडकवला: "केव्हीएस ६३. ताशी ३० घनमीटरच्या कामाचा. सीट लॅप (घासून सपाट) केल्याशिवाय वापरू नये."